चिमुकल्या ग्रंथींचे कॅन्सर इतके दुर्मीळ का असतात?

रानजाई
माझ्या आईच्या (वय 61) गळ्यातली पॅराथायरॉइडची, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या चिमुकल्या ग्रंथीची, गाठ दीड महिन्यापूर्वी काढली. आधी सगळे म्हणत होते की साधी गाठ आहे, ती काढली की झालं. पण तपासणीचा रिपोर्ट आला तो पॅराथायरॉइड कार्सिनोमा, म्हणजे कॅन्सर, असा. सर्जन म्हणाले, "पंचवीस वर्षांत ही माझी तिसरी केस."

थोडी पार्श्वभूमी सांगते. सात वर्षांत आईला तीनदा मुतखडा झाला. प्रत्येक वेळी "पाणी कमी पिता तुम्ही" एवढंच ऐकून आम्ही घरी यायचो. कुणी सांगितलं म्हणून तिने दूध, ताक, टोमॅटो, पालक सगळं सोडलं. घरी कढी केली की ती आपली कोरड्या भाजीशी भाकरी खाऊन उठायची. मग थकवा आला, विसरायला लागली, पोट साफ होईना. साठी आली की व्हायचंच, असं आम्हीही म्हणत राहिलो. यंदा फेब्रुवारीत ओट्यावरून कुकर उचलताना तिचं मनगट मोडलं. पडली नाही, आपटली नाही, नुसता कुकर उचलला. हाडांच्या डॉक्टरांकडे एक शिकाऊ मुलगी होती, तिने पहिल्यांदा रक्तातलं कॅल्शियम तपासायला लावलं. ते 14.8 निघालं, असायला हवं त्यापेक्षा कितीतरी जास्त.

माझा प्रश्न असा, की थायरॉइडचा कॅन्सर झालेल्या चार बायका मी स्वतः ओळखते. तिच्याच पाठीला चिकटलेल्या या ग्रंथीचा कॅन्सर मात्र डॉक्टरांनीसुद्धा क्वचित पाहिलेला. मेंदूच्या तळाची पिट्युटरी, मूत्रपिंडांवरची ॲड्रीनल यांचंही तसंच म्हणतात. असं का असतं? "दुर्मीळ आहे" हे आम्हाला निदान पाच जणांनी सांगितलं, पण का दुर्मीळ ते कुणीच सांगत नाही.

शेवंता
रानजाई, वाचून पोटात कालवलं. आईंना लवकर बरं वाटो. मी फक्त वाचणार आहे, या विषयातलं मला काही कळत नाही.

वाटसरू_7
मला तर हे सरळ वाटतं. ग्रंथी लहान, म्हणून पेशी कमी, म्हणून कॅन्सरही कमी. दहा गुंठ्यांत जेवढं तण उगवेल तेवढं एका कुंडीत कसं उगवणार?

गणितमास्तर
वाटसरू, तुमचं कुंडीचं उदाहरण हिशेबाला लावून बघू. थायरॉइड साधारण 20 ग्रॅमची असते. पॅराथायरॉइड चार असतात, एकेक 30 ते 50 मिलिग्रॅमची, म्हणजे चारही मिळून फार तर 200 मिलिग्रॅम. नुसतं वजनच मोजायचं तर फरक शंभरपटीचा. पण मग हृदय घ्या. तीनशे ग्रॅमचं हृदय, आणि त्याचा स्वतःचा कॅन्सर कुणाला झालेला ऐकलाय? लहान आतडं सहा मीटर लांब आणि मोठं आतडं दीड मीटर, तरी कॅन्सर होतो तो बहुतेक मोठ्याला. तेव्हा नुसत्या वजनावर किंवा लांबीवर हे गणित सुटत नाही.

यावर जानेवारी 2015 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक गाजलेला लेख आला होता. जॉन्स हॉपकिन्सच्या क्रिस्तियन तोमासेत्ती आणि बर्ट वोगेलस्टाइन यांनी 31 ऊती घेतल्या. प्रत्येक ऊतीतल्या मूळ पेशी आयुष्यभरात एकूण किती वेळा विभागतात याचा अंदाज काढला आणि त्या ऊतीच्या कॅन्सरचा आयुष्यभराचा धोका त्याच्यासमोर मांडला. दोन्हींचा सहसंबंध 0.81 आला (तंतोतंत जुळलं असतं तर 1). म्हणजे पेशीतल्या डीएनएची तीनशे कोटी अक्षरांची पोथी जितक्या वेळा नकलून काढावी लागते, तितके हस्तदोष साठत जातात. मोठ्या आतड्याचं अस्तर सतत नवं होत असतं. पॅराथायरॉइडची पेशी प्रौढ वयात फार क्वचित विभागते.

समिधा
मास्तर, हाच तो "कॅन्सर म्हणजे निव्वळ नशीब"वाला लेख ना? माझे वडील तोंडाच्या कॅन्सरने गेले. तीस वर्षं मळलेली तंबाखू दाढेखाली धरायचे. त्याला नशीब म्हणायचं? असले मथळे वाचले की फार राग येतो.

गणितमास्तर
समिधाताई, तुमचा राग रास्त आहे. वर्तमानपत्रांनी "दोन तृतीयांश कॅन्सर नशिबाने" असे मथळे दिले ते चुकीचेच होते. लेखाचा मुद्दा एवढाच होता की एका ऊतीत कॅन्सर जास्त आणि दुसरीत कमी, या *फरकाचा* दोन तृतीयांश भाग पेशींच्या विभाजनाशी जुळतो. तोंडाचा कॅन्सर कशाने होतो यावर ते विधानच नव्हतं. तंबाखूने होतो, त्यात कसलीही शंका नाही. शिवाय स्तन आणि प्रोस्टेट हे दोन मोठे कॅन्सर त्या लेखात घेतलेलेच नव्हते, आणि पुढे इतर संशोधकांनी त्यावर भरपूर टीकाही केली. पण विभाजनं जितकी जास्त तितक्या चुका जास्त, हा गाभा टिकला.

समिधा
आता पटलं. आणि रानजाईंच्या प्रश्नाचं थोडं उत्तर इथेच मिळतंय असं वाटतं. तोंड, फुप्फुस, जठर, आतडं ही सगळी बाहेरच्या जगाशी थेट गाठ पडणारी माणसं. धूर, तंबाखू, दारू, जळकं अन्न आधी त्यांच्या अंगावर येतं. या ग्रंथी म्हणजे माजघरातल्या.

सूक्ष्मदर्शी
समिधा यांचं माजघर अगदी चपखल. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, माझा दिवस काचपट्ट्यांवर जातो. धाग्याच्या प्रश्नातच मला एक छोटी दुरुस्ती सुचवायची आहे. या ग्रंथींना *गाठी* दुर्मीळ नाहीत. कॅन्सर दुर्मीळ आहे. हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

पिट्युटरी बघा. जेमतेम अर्ध्या ग्रॅमची, वाटाण्याएवढी. दुसऱ्याच कारणाने गेलेल्या माणसांच्या शवविच्छेदनात साधारण दहातल्या एकाच्या पिट्युटरीत बारीकशी साधी गाठ सापडते, आणि त्या माणसाला जन्मभर तिचा पत्ताही नसतो. इतक्या गाठींत कॅन्सर किती? ज्या लक्षात येतात त्यांतल्याही हजारात एखाददुसरी. पॅराथायरॉइडचं तसंच. कॅल्शियम वाढवणारा हा विकार झालेल्यांपैकी शंभरातल्या ऐंशीहून अधिक जणांत एकच साधी गाठ निघते, आणि कॅन्सर शंभरात एकाहूनही कमी जणांना.

मग कुंडी लहान म्हणून तण कमी, हे म्हणणं टिकत नाही. तण उगवतंय, पण त्याचं झाड होत नाही. खरा प्रश्न तो आहे. याचं एक उत्तर पिट्युटरीवरच्या कामातून आलंय. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय इथे श्लोमो मेलमेड यांच्या गटाने दाखवलं, की या साध्या गाठींतल्या पेशींत बिघाड झाला की पी21 सारखी प्रथिनं त्यांच्या विभाजनाला खीळ घालतात. पेशी मरत नाही, हार्मोन सोडत राहते, पण वाढायची थांबते. अकाली म्हातारी होते म्हणा ना. मोठ्या आतड्याच्या अस्तरावरचा कोंब (पॉलिप) पायरी पायरीने कॅन्सरकडे चढतो. इथे बहुतेक गाठी पहिल्याच पायरीवर बसून राहतात.

आणखी एक गोष्ट, जी आमच्या खोलीबाहेर कुणी बोलत नाही. या ग्रंथींचा कॅन्सर नुसत्या पेशींच्या चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. साध्या गाठीतही कधी कधी भयानक दिसणाऱ्या पेशी असतात आणि कॅन्सरमधल्या पेशी साळसूद दिसतात. गाठ रक्तवाहिनीत घुसली का, शेजारच्या स्नायूत किंवा थायरॉइडमध्ये शिरली का, दूर कुठे पसरली का, हे दिसल्याशिवाय आम्ही तो शब्द लिहीत नाही. पिट्युटरीत तर ती दूर पसरल्याशिवाय कॅन्सर म्हणायचंच नाही असा दंडक होता, मग ती शेजारच्या हाडात घुसली असली तरी. म्हणजे दुर्मीळपणाचा काही वाटा या व्याख्येचाही आहे.

रानजाई
सूक्ष्मदर्शी, हे मला आज पहिल्यांदा कळतंय. आईच्या रिपोर्टला अठरा दिवस लागले. आम्हाला वाटलं की लॅब चालढकल करतेय, मी फोनवर बोललेही जरा तोडून.

सूक्ष्मदर्शी
अशा केसमध्ये अठरा दिवस लागतात. एकाच गाठीचे ठोकळेच्या ठोकळे कापायचे, रक्तवाहिनीचं अस्तर रंगवून बघायचं, मग पट्ट्या दुसऱ्या कुणाला दाखवायच्या. 'कॅन्सर' लिहिलं की घर हलतं. ते लिहिताना माझाही हात जड होतो.

उंबरठा
थोडं अवांतर. पॅराथायरॉइड ही ग्रंथी पहिल्यांदा सापडली ती गेंड्यात! लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला भारतीय गेंडा 1849 मध्ये मेला आणि शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी हिवाळाभर त्याची चिरफाड केली. थायरॉइडला चिकटलेला एक लहानसा पिवळसर गोळा त्यांनी नोंदवून ठेवला. माणसात ती शोधली 1880 मध्ये ईवार सांडस्ट्रोम या स्वीडनमधल्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने, उप्सालामध्ये. तेव्हा त्याच्या शोधाची फारशी कुणी दखल घेतली नाही. माणसाच्या शरीरातला डोळ्यांना दिसणारा एवढा महत्त्वाचा अवयव इतक्या उशिरा हाती लागला, याचं मला फार नवल वाटतं.

वाटसरू_7
आपल्याकडचा गेंडा लंडनला जाऊन गळ्यातला मणी दाखवून गेला म्हणायचं. मस्त माहिती!

गळसरी
मी डोक्या-मानेची सर्जन. उंबरठा, उशिरा का सापडली ते गळा उघडला की समजतं. चांगली पॅराथायरॉइड म्हणजे मसुरीच्या डाळीएवढा चपटा, मऊ, काकवीच्या रंगाचा तुकडा, आणि भोवतीच्या पिवळ्या चरबीत तो बेमालूम लपलेला असतो. शंका आली तर आम्ही वाटीभर सलाइनमध्ये कणभर तुकडा टाकून बघतो. चरबी तरंगते, ग्रंथी बुडते.

कॅन्सर असला की बोटाला आधी कळतं. साधी गाठ लालसर-तपकिरी, मऊ, अलगद सुटून येणारी. ही मात्र कडक, राखाडी-पांढरी, थायरॉइडला आणि मागच्या बाजूला घट्ट धरून बसलेली. तेव्हा ती सोडवत बसायची नाही, त्या बाजूचा थायरॉइडचा अर्धा भाग घेऊन सगळं एकसंध काढायचं. गाठ फुटली तर पेशी सांडतात आणि तिथेच पुन्हा उगवतात. रानजाई, तुमच्या आईंचं तसं काढलंय का?

रानजाई
हो. डावी थायरॉइड सोबतच काढलीय. सर्जन म्हणाले की हाताला लागल्यावरच शंका आली होती. टेबलावरच पॅराथायरॉइडचा हार्मोन तपासला तो दहा मिनिटांत एकदम खाली आला.

पण तिसऱ्या रात्री जो प्रकार झाला तो विसरणार नाही. पहाटे तीनला आई म्हणाली, "ओठांवर मुंग्या फिरतायत गं." मग बोटं वाकडी झाली, मोदकाला पाकळ्या काढताना जुळतात तशी, सरळच होईनात. नर्सने कॅल्शियमचं सलाइन लावलं आणि मॉनिटरवर डोळा ठेवून अर्धा तास तशीच उभी राहिली. सात वर्षं ज्या कॅल्शियमला आम्ही घाबरत होतो तेच बाटलीतून थेंब थेंब चढवताना बघत होते मी.

गळसरी
याला आम्ही भुकेली हाडं म्हणतो. इतकी वर्षं त्या गाठीने हाडांतून कॅल्शियम ओरबाडून रक्तात आणलं. गाठ गेली की हाडं सावकाराकडून आपलं सगळं एकदम परत मागून घेतात, आणि रक्तात खडखडाट होतो. काही आठवडे गोळ्या लागतात, मग बसतं.

आणि सगळ्यांसाठी एक सांगते. या कॅन्सरमध्ये माणसाला गाठीपेक्षा कॅल्शियम जास्त छळतं. मूत्रपिंडं, हृदयाची लय, मेंदू सगळ्यांवर त्याचा मारा होतो. म्हणून एकाहून जास्त वेळा मुतखडा झाला असेल तर रक्तातलं कॅल्शियम एकदा तपासा. साधी रक्ततपासणी आहे.

दवबिंदू
माझंही मत सांगते. आपल्याकडे सगळ्यांनाच व्हिटॅमिन डी कमी असतं, तेव्हा दर आठवड्याला दुधातून त्याचा सॅशे घ्यावा. हाडांचे सगळे विकार दूर राहतात.

गळसरी
दवबिंदू, कमी असतं हे खरं, पण मनाने सॅशे नका घेऊ. कॅल्शियम आधीच वाढलेलं असेल तर ते आणखी चढू शकतं. आधी तपासणी, मग डॉक्टर सांगतील तो डोस.

दवबिंदू
हे माहीत नव्हतं. मी दोन वर्षं घेतेय. उद्याच तपासते.

कृष्णाकाठ
मला वरचं एक पटलं नाही. ग्रंथी माजघरात म्हणून सुरक्षित, तर थायरॉइडचं काय? तीही माजघरातच. मग तिचे रुग्ण इतके का दिसतात? आणि लाळेच्या ग्रंथी? माझ्या मामांना टाळूवर शेंगदाण्याएवढी गाठ आली होती, ती निघाली बारीक लाळग्रंथीचा कॅन्सर. डॉक्टर तेव्हा म्हणाले होते की ग्रंथी जितकी लहान तितकी गाठ वाईट निघण्याची शक्यता जास्त. हे तर तुमच्या सगळ्यांच्या उलट झालं.

सूक्ष्मदर्शी
कृष्णाकाठ, फार चांगला आक्षेप. मामांच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलं. कानाखालच्या मोठ्या लाळग्रंथीत सर्वांत जास्त गाठी होतात, पण त्यांतल्या चार-पाचांत एक कॅन्सरची. जबड्याखालच्या ग्रंथीत जवळपास निम्म्या. टाळू, ओठ, गाल यांच्या अस्तरात शेकडो बारीक ग्रंथी असतात, त्यांत गाठी कमीच होतात, पण झाली तर निम्म्याहून अधिक वेळा कॅन्सरची. म्हणजे गाठ किती वेळा होते आणि झालेली गाठ किती वेळा बिघडते, या दोन्ही गोष्टी एकाच दोरीने बांधलेल्या नाहीत. लाळग्रंथीची पेशी वेगळ्या जातीची, हार्मोनची ग्रंथी वेगळ्या जातीची. "लहान ग्रंथी" अशी एकच पेटी करून सगळं त्यात टाकलं की फसतो आपण.

गणितमास्तर
थायरॉइडबद्दल मी सांगतो. तिथे निम्मी गंमत मोजण्याची आहे. किरणोत्सर्गाने थायरॉइडचा कॅन्सर वाढतो हे चेर्नोबिलनंतर मुलांमध्ये स्पष्ट दिसलं, ते खरंच. पण दक्षिण कोरियाचं बघा. तिथे 1999 पासून कॅन्सर तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि त्यासोबत थोड्या पैशांत गळ्याची सोनोग्राफीही लोक करून घेऊ लागले. 2011 मध्ये थायरॉइड कॅन्सरच्या नोंदी 1993 च्या 15 पट झाल्या. मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. म्हणजे आजार वाढला नव्हता, जन्मभर गप्प पडून राहिले असते असे कण शोधून काढले जात होते. फिनलंडमध्ये तर शवविच्छेदनात थायरॉइडच्या बारीक चकत्या करून पाहिल्या तेव्हा तिघांतल्या एकाकडे असा कण सापडला होता.

कृष्णाकाठ
म्हणजे थायरॉइडचा आहे त्याहून जास्त वाटतो आणि पिट्युटरीचा व्याख्येमुळे आणखी कमी वाटतो. आता कुठे डोक्यात शिरलं.

गुणसूत्र
मी जनुकांवर पीएचडी करतोय. उशिरा आलो, पण अजून एक बाजू राहिलीय. दुर्मीळ म्हणजे सगळीकडे सारखंच दुर्मीळ असं नाही. ॲड्रीनलच्या बाहेरच्या थराचा कॅन्सर जगात दर दहा लाखांत वर्षाला एखाददुसऱ्याला होतो. पण दक्षिण ब्राझीलमध्ये, पाराना राज्याच्या आसपास, लहान मुलांत तो इतर जगाच्या दहा-पंधरा पट दिसतो. कारण टीपी53 या जनुकातला एक विशिष्ट बदल, जो तिथे एकाच पूर्वजाकडून पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलाय. टीपी53 म्हणजे नक्कल चुकली की काम थांबवणारा मुकादम. तोच कच्चा असेल तर मूठभर ग्रंथीतसुद्धा कॅन्सर फोफावतो.

पॅराथायरॉइडचा मुकादम वेगळा, सीडीसी73 नावाचा. तो 2002 मध्ये सापडला. एरवी पॅराथायरॉइडची साधी गाठ बायकांत पुरुषांच्या तिप्पट दिसते, पण कॅन्सर दोघांत सारखाच. म्हणजे कॅन्सर हा बहुतेक वेळा साधी गाठ बिघडून झालेला नसतो, त्याची वाट सुरुवातीपासूनच निराळी असावी असं मला वाटतं.

रानजाई, हे घाबरवायला सांगत नाही, पण सांगायलाच हवं. हा कॅन्सर झालेल्यांपैकी साधारण चारातल्या एकात सीडीसी73 मधला बिघाड जन्मतः असतो, घरात दुसऱ्या कुणाला काही झालेलं नसलं तरीही. असला तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. आईंची जनुकीय तपासणी करायला कुणी सुचवलंय का?

रानजाई
नाही, कुणीच नाही. पुढच्या आठवड्यात आईची फेरतपासणी आहे, तेव्हा विचारते.

शेवंता
मी फक्त वाचणार होते, पण राहवलं नाही. माझ्या नवऱ्याला दोनदा खडा झालाय. हा धागा वाचून काल त्याचं कॅल्शियम तपासून घेतलं. 9.6 आलं. गळसरीताई, तुमचे मनापासून आभार.

उंबरठा
+1. आणि त्या शिकाऊ मुलीचेही आभार मानायला हवेत, जिने मनगट बघताना कॅल्शियम आठवलं.

सूक्ष्मदर्शी
रानजाई, मूळ प्रश्नाकडे वळते, कारण आपण लांबवर भटकलो. तुमच्या आईंच्या बाबतीत सांगायचं तर: पेशी मोजक्या, त्या क्वचित विभागतात, धूर-तंबाखू त्यांच्यापर्यंत थेट पोचत नाही, बिघडलेल्या बहुतेक पेशी पुढे सरकत नाहीत, आणि जनुकांचे पहारेकरी सहसा जागे असतात. कॅन्सर व्हायला यातले बरेच पहारे एकाच पेशीत, एकाच रांगेत चुकावे लागतात. ते क्वचित होतं. यात तुमच्या आईंनी पाणी किती प्यायलं याचा काडीचाही संबंध नाही. हे त्यांना माझ्या वतीने नक्की सांगा.

रानजाई
सांगितलं. मोबाइल हातात देऊन तुमचा प्रतिसाद वाचायलाच लावला. दोनदा वाचला तिने. मग म्हणाली, "सात वर्षं उगाच तांबे रिचवले मी."

दहा दिवसांनी लिहितेय. जनुकीय तपासणीसाठी आईचं रक्त दिलंय, रिपोर्टला महिना लागेल. तोवर मी आणि दादाने आपापलं कॅल्शियम तपासून घेतलं, माझं 9.4, त्याचं 9.2. आईचं आज 8.9 आहे. फेरतपासणीला तिने एकच प्रश्न विचारला, ताक चालेल का. डॉक्टर म्हणाले, चालेल काय, प्याच. रात्री कढी केली होती, दोन वाट्या घेतली तिने.